गाणं कोण निवडतं?

2009 मध्ये इटलीच्या ‘एक्स फॅक्टर’चं तिसरं पर्व सुरू होतं. रोमच्या उत्तरेला रॉन्चिल्योने नावाचं छोटं गाव आहे, तिथला मार्को मेंगोनी हा वीस वर्षांचा मुलगा त्यात गात होता. त्याच्या मेंटॉरनं, म्हणजे मॉर्गननं, त्याला एकदा ‘टॉकिंग हेड्स’ या अमेरिकन बँडचं ‘सायको किलर’ दिलं. हे अस्वस्थ करणारं, तुटक गाणं आहे, सुरेलपणा दाखवायला त्यात जागाच नाही. त्याच पर्वात त्याच्या वाट्याला मीया मार्तिनीचं ‘आल्मेनो तू नेल्लुनिवेर्सो’ही आलं. या गाण्याची सुरुवात खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखी होते आणि ध्रुवपदाला ते एकदम वर उसळतं. त्याच्यामागे एक दुखरी हकिगतही आहे. मीया अपशकुनी आहे अशी अफवा इटलीच्या संगीतव्यवसायात पसरली आणि तिला काही वर्षं गाणं सोडून घरी बसावं लागलं. 1989 च्या सान्रेमो महोत्सवात ती याच गाण्यानं परतली. वीस वर्षांच्या मुलाला हे गाणं देणं ही जोखीम होती. पण त्या दोन टोकांच्या गाण्यांमधून त्याच्या गळ्याची लांबीरुंदी सगळ्या देशाला कळली, आणि मला वाटतं, त्यालाही पहिल्यांदा तिथंच कळली. मेंगोनी ते पर्व जिंकला. पुढे त्यानं 2013 आणि 2023 असं दोनदा सान्रेमोही जिंकलं.

या कार्यक्रमाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या एका उदाहरणात जवळजवळ सगळं आलं आहे. सेलिब्रिटी परीक्षक, प्रकाशझोत, रडारड, विजेत्याचा करार यांची चर्चा पुष्कळ होते. पण या स्पर्धेतली खरी कला एका साध्या कामात आहे. दर आठवड्याला कोणत्या गळ्याला कोणतं गाणं द्यायचं, हे मेंटॉर ठरवतो. इटालियनमध्ये याला ‘आस्सेन्यात्सिओने’ म्हणतात, म्हणजे गाणं नेमून देणं. ही कला गेल्या काही वर्षांत झिजत चालली आहे, आणि ती का झिजते आहे हे समजून घेतल्याशिवाय इटालियन गाण्याची आजची अवस्था कळणार नाही.

त्यासाठी थोडं मागं जायला हवं. इटलीच्या सुगम गाण्यात दोन परंपरा शेजारी शेजारी नांदल्या. एक ‘कान्ताउतोरे’ची, म्हणजे स्वतःच लिहून, चाल लावून गाणाऱ्याची: जिनो पाओली, लुइजी तेन्को, फाब्रित्सिओ दे आन्द्रे, पुढे लुचो दाल्ला. दुसरी ‘इन्तेर्प्रेते’ची, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपलं करून गाणाऱ्याची: मीना, ओर्नेल्ला वानोनी, मीया मार्तिनी. मान दोघांनाही होता, पण बुद्धिजीवींचं प्रेम पहिल्याच्या वाट्याला आलं. ‘गातो छान, पण लिहीत नाही’ हे वाक्य तिथं दोष सांगावा तसं बोललं जाई. भावगीत आणि चित्रपटगीत यांवर वाढलेल्या आपल्या कानांना हे विचित्र वाटेल. गायकानं शब्द लिहिले पाहिजेत अशी अपेक्षा आपण कधी केलीच नाही.

मार्च 2008 मध्ये ‘एक्स फॅक्टर’ राई-2 या सरकारी वाहिनीवर आला तेव्हा त्यानं या दुसऱ्या परंपरेला दार उघडून दिलं. पहिल्या पर्वात तीन परीक्षक होते: ‘ब्लूवेर्तिगो’ बँडचा मॉर्गन, दूरचित्रवाणीवरची नामवंत सूत्रसंचालिका सिमोना वेंतुरा आणि मारा माइओन्की. तिघांत माइओन्कीचं असणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 1941 साली जन्मलेली ही बाई कधी गायिका नव्हती. तिचं आयुष्य रेकॉर्ड कंपन्यांत गेलं होतं, अनोळखी आवाज ऐकण्यात आणि त्यांतून निवड करण्यात. तित्सिआनो फेर्रोसारखा गायक घडवण्यात तिचा आणि तिच्या नवऱ्याचा वाटा होता. ती स्पष्ट बोलायची, प्रसंगी शिवीही द्यायची, पण तिच्या बोलण्यामागं ऐकण्याची चाळीस वर्षं उभी असायची.

त्या पर्वात जूझी फेरेरी होती. मिलान परिसरातल्या सुपरमार्केटमध्ये कॅशियर म्हणून काम करणारी, तिशीच्या आसपासची बाई. खरखरीत, काहीसा विस्कटलेला, ऐकताक्षणी ओळखता येणारा आवाज. तिला गाब्रिएल्ला फेर्री या रोमन गायिकेचं ‘रेमेदिओस’ मिळालं, आणि ते तिच्या तोंडून निघालं तेव्हा जुनं वाटलं नाही. जूझी जिंकली नाही, ‘आराम क्वार्टेट’ हा गट जिंकला. पण त्या उन्हाळ्यात सबंध इटलीत जूझीचं ‘नॉन ती स्कॉर्दार माई दी मे’ वाजत होतं. ते गाणं लिहिणाऱ्यांत तित्सिआनो फेर्रो होता.

विजेत्यापेक्षा हरलेला मोठा होणं हा या स्पर्धेचा नित्याचा अनुभव आहे. दुसऱ्या पर्वातली नोएमी जिंकली नव्हती. 2012 च्या पर्वात महमूद हा मिलानचा मुलगा लवकर बाद झाला होता. आई सार्डिनियाची, वडील इजिप्तचे. 2019 मध्ये त्यानं ‘सोल्दी’ गाऊन सान्रेमो जिंकलं आणि त्याच वर्षी तो युरोव्हिजनमध्ये दुसरा आला. याचं खापर प्रेक्षकांवर फोडण्यात अर्थ नाही. महमूदच्या गाण्यातला अरबी वळणाचा स्वर, बोलण्या-गाण्याच्या सीमेवरची लय हे सगळं 2012 मध्ये त्याच्याजवळ पूर्ण तयार नव्हतं. काही गळे पिकायला वेळ घेतात, आणि आठ-दहा आठवड्यांच्या कार्यक्रमाला तो वेळ नसतो.

मात्र एक दोष रचनेतलाच आहे, आणि त्यावर बोलायला हवं. या स्पर्धेत परीक्षक आणि मेंटॉर ही एकच माणसं असतात. प्रत्येकाचा आपला संघ असतो. सर्वांत कमी मतं मिळालेले दोघं समोरासमोर येतात, त्याला ‘बाल्लोत्ताज्जो’ म्हणतात. दोघं पुन्हा गातात आणि कोण बाहेर जाणार हे परीक्षक ठरवतात. मतं समसमान पडली की ‘टिल्ट’ होतो आणि निकाल प्रेक्षकांच्या हाती जातो. आता विचार करा, ज्याचा स्पर्धक तिथं उभा आहे तो दुसऱ्याच्या गाण्याबद्दल निर्मळ मनानं कसं बोलणार? उरलेल्यांनाही आपल्या संघाला पुढं कोण जड जाईल याचा हिशोब असतोच. ज्याचं हित गुंतलं आहे त्यालाच न्यायाला बसवलं की समीक्षेची भाषा हळूहळू डावपेचांची होते. पहिल्या पर्वांत ती भांडणंसुद्धा गाण्याबद्दलची असत. मॉर्गन एखाद्या गाण्याच्या रचनेवर बोलायला लागला की थांबत नसे. त्याचा कंटाळाही येई, पण ऐकणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडे. पुढे परीक्षकांची आपापसातली नातीच बातमीचा विषय झाली. 2023 च्या पर्वात तर वाहिनीनं मॉर्गनला मध्येच काढून टाकलं, आणि त्या आठवड्यात कोण काय गायलं हे बाजूलाच राहिलं.

2011 मध्ये कार्यक्रम सरकारी वाहिनीवरून ‘स्काय’वर गेला. रंगमंच मोठा झाला, दिव्यांची आणि नृत्याची भाषा बदलली, अंतिम फेरी मिलानजवळच्या आस्सागोच्या मोठ्या फोरममध्ये होऊ लागली. सोळा वर्षांची फ्रान्चेस्का मिकिएलिन तिथलं पहिलं पर्व जिंकली. पुढे तीच या कार्यक्रमाची सूत्रसंचालिका झाली. याच 2011 मध्ये ‘एक्स फॅक्टर’ आपल्याकडेही सोनीवर आला होता. सोनू निगम, श्रेया घोषाल आणि संजय लीला भन्साळी असे परीक्षक होते, पण तो एका पर्वातच आटोपला. त्याच्या अपयशाची कारणं अनेक असतील. मला एक जाणवतं. आपल्या स्पर्धांत ‘अगदी मूळ गाण्यासारखं झालं’ ही मोठी शाबासकी असते. इटलीत तेच वाक्य अपयश ठरतं. तिथं मेंटॉरनं ठेका बदलला, पट्टी खाली आणली, अख्खा वाद्यमेळ काढून फक्त पियानो ठेवला, तरच गाणं स्पर्धकाचं झालं असं मानतात. गाणं नेमून देण्याच्या कलेला तिथं एवढं मोल आहे ते यामुळे.

ही कला किती दूर पोचू शकते याचा सर्वांत मोठा दाखला 2017 चा. रोमच्या व्हिया देल कोर्सो या गजबजलेल्या रस्त्यावर वाजवणारी चार पोरं ‘मोनेस्किन’ या डॅनिश नावानं स्पर्धेत आली. ‘मोनेस्किन’ म्हणजे चांदणं. बँडमधली बासवादक विक्टोरिया अर्धी डॅनिश. त्यांचा मेंटॉर होता ‘आफ्टरआवर्स’ या रॉक बँडचा मानुएल आन्येल्ली. त्यानं या पोरांना गुळगुळीत केलं नाही. गायक दामियानो उंच टाचांचे बूट घालून खांबाभोवती नाचत गायला, तेव्हाही गाण्याची पकड सुटली नाही. आणि त्यांनी गायलं ‘बेगिन’. ‘फोर सीझन्स’चं हे 1967 चं गाणं पुढे नॉर्वेच्या एका जोडगोळीनं नव्यानं गाजवलं होतं. त्या गाण्यात याचना आहे. दामियानोनं ती याचना गुडघे टेकून केली नाही, दात आवळून केली. मी ते ध्वनिमुद्रण कितीदा तरी ऐकलं आहे. दर वेळी कान जातो तो शब्दांच्या शेवटावर, जिथं तो स्वर लांबवायचं सोडून तोडतो. मूळ गायकाच्या तरल उंच आवाजाशी स्पर्धा करायचीच नाही, हा निर्णय त्या तोडण्यातून ऐकू येतो.

मोनेस्किन त्या वर्षी दुसरे आले. जिंकला लोरेन्झो लिचित्रा, सिसिलीचा, तेनोर आवाजाचा, माइओन्कीच्या संघातला. 2021 मध्ये मोनेस्किननं आधी सान्रेमो जिंकलं, मग रॉटरडॅमला युरोव्हिजन. आणि त्याच उन्हाळ्यात जगभरच्या मोबाइलांवर वाजू लागलं ते चार वर्षांपूर्वीचं ‘बेगिन’, एका स्पर्धेसाठी घेतलेलं दुसऱ्याचं गाणं.

इतर कार्यक्रमांचा उल्लेख केल्याशिवाय चित्र पुरं होत नाही, पण थोडक्यात. मारिया दे फिलिप्पीचं ‘आमीची’ 2001 पासून चालू आहे. तिथं स्पर्धेला शाळेचं रूप आहे, मुलं महिनोन्महिने शिकतात, शिक्षक भांडतात. मार्को कार्ता, व्हालेरिओ स्कानू, एम्मा, अगदी 2024 ची आंजेलिना मांगो, सान्रेमोचे हे सगळे विजेते त्या शाळेतून आले. ‘द व्हॉइस’नं 2014 मध्ये सिस्टर क्रिस्तिना ही सिसिलीची तरुण जोगीण जगाला दाखवली. पाठमोऱ्या खुर्च्या वळल्या आणि समोर पांढरी-काळी वस्त्रं घातलेली नन पाहून जे-आक्स या रॅपरच्या डोळ्यांत पाणी आलं. ती त्याच्याच संघातून जिंकली. काही वर्षांनी तिनं मठ सोडल्याचं सांगितलं, आणि ती स्पेनमध्ये वेट्रेसचं काम करत होती. तिच्या गळ्यात ताकद होती. पण तिच्या वस्त्रांची गोष्ट इतकी मोठी झाली की तिला कोणतं गाणं शोभेल हा प्रश्न कुणी नीट विचारलाच नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

आता मूळ मुद्द्याकडे. गाणं नेमून देण्याची कला झिजली ती परीक्षकांच्या आळसानं नव्हे, बाजारानं झिजवली. पूर्वी मुलं रिकाम्या हातानं यायची, फक्त आवाज घेऊन. आता येतात ती स्वतःची गाणी, स्वतःचा बीट, स्वतःची वेशभूषा आणि इन्स्टाग्रामवरचा चाहतावर्ग घेऊन. 2018 चा विजेता आनास्तासिओ गाजलेल्या गाण्यांच्या चालीवर स्वतःचे शब्द लिहून रॅप करायचा. ते मला अस्सल वाटलं होतं, कारण जुन्या गाण्याशी त्याचा संवाद चालू होता. पण त्याच्या मागोमाग ‘इनेदितो’, म्हणजे नवं, न गायलेलं गाणं, हीच कसोटी होऊन बसली. 2020 च्या पर्वात पहिल्याच थेट भागात स्पर्धकांनी आपापली नवी गाणी मांडली. ध्वनिमुद्रण कंपनीला हे सोयीचं, शुक्रवारी ते गाणं स्ट्रीमिंगवर टाकता येतं. पण अठरा वर्षांच्या मुलाचं पहिलं गाणं बहुधा त्याला येतं तेवढंच मागतं. मीया मार्तिनीचं गाणं त्याला जे येत नाही ते मागतं. मेंटॉरचं काम त्या मागणीत होतं.

कान्ताउतोरेच्या प्रतिष्ठेची जुनी सावलीही यात मिसळली आहे. दुसऱ्याचं गाणारा कमी दर्जाचा, ही समजूत नव्या बाजाराच्या सोयीची निघाली. वीस वर्षांत दूरचित्रवाणीनं इन्तेर्प्रेतेला दिलेला सन्मान अशा रीतीनं दूरचित्रवाणीच काढून घेते आहे. आणि लिहिणारे सगळेच दे आन्द्रे नसतात. एकाच धाटणीचे दोन-तीन निर्माते आणि चार-पाच व्यावसायिक गीतकार अनेकांच्या ‘स्वतःच्या’ गाण्यांत हात घालतात, मग आवाज वेगळे असूनही गाणी एकमेकांसारखी ऐकू येतात.

म्हणून डिसेंबर 2024 ची अंतिम फेरी मला दिलासा देऊन गेली. ती आस्सागोच्या बंद सभागृहात झाली नाही, नेपल्सच्या पियात्सा देल प्लेबिशितो या उघड्या चौकात झाली. मालीमध्ये जन्मलेली, इटलीत वाढलेली सतरा वर्षांची मुलगी जिंकली. ती सर्वार्थानं इन्तेर्प्रेते आहे, दुसऱ्यांच्या गाण्यांत शिरून आपली जागा शोधणारी. तिचा मेंटॉर मानुएल आन्येल्लीच होता. सात वर्षांपूर्वी मोनेस्किनसोबत हरलेला हा माणूस पहिल्यांदाच जिंकला. मुलीचं नाव मिमी. मीया मार्तिनीला तिची माणसं याच नावानं हाक मारायची.