वाटसरूचा कॅमेरा : चार्ल्स कुरॉल्ट

रविवारी सकाळी चहाचा कप हातात घेऊन सीबीएस लावणाऱ्या आपल्या पिढीला चार्ल्स कुरॉल्ट यांची ओळख करून द्यायला नको. ट्रम्पेटचे सूर, पडद्यावर सूर्य, आणि मग तो स्थूल, टक्कल पडलेला, खर्जातल्या आवाजाचा गृहस्थ. १९७९ ते १९९४ अशी पंधरा वर्षे त्यांनी 'संडे मॉर्निंग' सांभाळले. ४ जुलै १९९७ रोजी, नेमके अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ते गेले. आता त्यांच्या कामाकडे केवळ हळवे न होता पाहायला हरकत नाही.

कुरॉल्ट १९३४ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मले. वर्तमानपत्रात उमेदवारी करून ते १९५७ मध्ये सीबीएसमध्ये आले. व्हिएतनाम आणि लॅटिन अमेरिकेतून त्यांनी वार्ताहर म्हणून काम केले. पण बातमीमागे धावण्याच्या चढाओढीत त्यांचा जीव रमेना. १९६७च्या ऑक्टोबरात कॅमेरामन आणि ध्वनिमुद्रक यांना मोटारहोममध्ये घेऊन ते आडरस्त्यांवर निघाले. तीन महिन्यांसाठी म्हणून सुरू झालेला 'ऑन द रोड' त्यांना कित्येक वर्षे पुरला.

त्याच उन्हाळ्यात न्यूअर्क आणि डेट्रॉइट पेटले होते, व्हिएतनामात माणसे मरत होती. आणि कुरॉल्टनी पहिल्याच भागात काय दाखवले? न्यू इंग्लंडमधली पानगळ! ही पळवाट होती का? मला तसे वाटत नाही. देश म्हणजे फक्त त्यातली भांडणे नव्हेत, हेही कुणीतरी सांगायला हवे होते. शिवाय ते समोरच्याला बोलू देत. साध्या माणसाला हसण्यासाठी त्यांनी कॅमेरा वापरला नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. कुरॉल्ट सकाळी गावात येत आणि काम संपले की पुढच्या गावाला लागत. वाटसरूला घरातले लोक गोडच बोलतात. पु. लं.चा अंतू बर्वा आठवा. त्याचा तिरकसपणा, त्याचे दारिद्र्य, त्याचे एकटेपण सगळे आपल्याला दिसते आणि तरीही तो आपलासा वाटतो. कुरॉल्टची बरीचशी माणसे आपल्याला आवडतात, कारण त्यांची दुसरी बाजू आपण पाहिलेलीच नसते.

ते याहून खोल जाऊ शकत होते, याचा पुरावा त्यांच्याच कामात आहे. मिसिसिपीतल्या प्रेअरी गावच्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाची गोष्ट पाहा. बाप दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारा. नऊ मुले, आणि नऊच्या नऊ कॉलेजात शिकलेली. थँक्सगिव्हिंगला सगळी घरी जमतात. इथे नुसते यश नाही, त्याची किंमतही दिसते. मुलांना शिकवून दूर पाठवणाऱ्या आईबापांचे ते चेहरे पाहताना आपल्यापैकी कितीजणांना आपले गावचे घर आठवेल!

कुरॉल्ट गेल्यावर मोंटानातील मालमत्तेच्या दाव्यातून एक गोष्ट बाहेर आली. पत्नी असताना त्यांनी जवळजवळ तीस वर्षे दुसरे नाते लपवून ठेवले होते. यावरून त्यांचे सगळे काम खोटे ठरवणारे भेटतात. मला ते पटत नाही; त्यांनी दाखवलेली माणसे खरीच होती. पण माणसाचा दर्शनी चेहरा आणि त्याचे आयुष्य यांत किती अंतर असू शकते, हे ज्याला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते, त्याने इतरांच्या दर्शनी चेहऱ्यावर इतक्या वेळा समाधान मानावे, याचे मात्र नवल वाटते.

आपणही घरी फोटो पाठवतो ते नव्या घराचे, मुलांच्या पदवीदानाचे. नोकरी गेलेल्या महिन्याचे किंवा न बोलता उरकलेल्या जेवणाचे कोण पाठवतो? ते फोटो खोटे नसतात, अपुरे असतात. कुरॉल्टचे काम मुलांना जरूर दाखवा. आणि सोबत हेही विचारा, की गाडी पुढे निघून गेल्यावर त्या घरात काय बोलणे झाले असेल?