मुद्रिका नसलेला आवाज

वारकरी सज्जनहो, हरिपाठाचे एक ध्वनिमुद्रण मोबाइलवरून हातोहात फिरत माझ्यापर्यंत आले. वर पावसाचा आवाज, त्यामागे संथ केलेला हरिपाठ आणि त्याच्याही तळाशी कोणीतरी पुटपुटते आहे. पण शब्द एकही कळत नाही. सोबत सूचना अशी की, रात्री मुलांच्या उशाशी लावून ठेवावे, एकाग्रता वाढते. या प्रकाराला ‘सब्लिमिनल’ म्हणतात. आपल्या घरातही तो आला असेल किंवा येईल, म्हणून त्याची पारख करू.

करण्याची रीत सोपी आहे. ‘माझे मन स्थिर आहे’, ‘माझ्याकडे पैसा येत आहे’ अशी वाक्ये मुद्रित करायची. ऑडॅसिटीसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत त्यांचा वेग वाढवायचा, आवाज ऐकू न येण्याइतका उतरवायचा आणि वर पाऊस, बासरी किंवा भजन पसरायचे. पुढे ज्याच्या हाती ते पडेल, तो आपली चार वाक्ये घालून आणखी पुढे पाठवतो.

स्वसंमोहन याहून निराळे आहे. तेथे माणूस जागेपणी शब्द निवडतो आणि ऐकू येतील असे ऐकतो. संमोहनाला सरसकट थोतांड म्हणणे बरोबर नाही. क्लोरोफॉर्म येण्याआधी, 1845 साली, बंगालमध्ये हुगळी येथे जेम्स एस्डेल या डॉक्टराने रोग्यांना तशा गुंगीत नेऊन शस्त्रक्रिया केल्या होत्या. आजही काही डॉक्टर वेदना व धास्ती कमी करण्यासाठी त्याचा उपयोग करतात. पण रोग्याला काय सांगितले जात आहे, ते त्याला ऐकू येते.

न ऐकू येणाऱ्या वाक्यांची गोष्ट तशी नाही. 1957 साली अमेरिकेत जेम्स व्हिकरी नावाच्या गृहस्थाने दावा केला की, चित्रपटाच्या पडद्यावर डोळ्यांना न दिसतील अशी वाक्ये क्षणभर झळकवल्याने कोका-कोला आणि मक्याच्या लाह्यांचा खप वाढला. 1962 मध्ये त्यानेच कबूल केले की, आपल्यापाशी पुरेसा पुरावा नव्हता. पुढे अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ध्वनिफितींचा एक प्रयोग 1991 साली प्रसिद्ध केला. काही फिती स्मरणशक्तीच्या होत्या, काही आत्मसन्मानाच्या; त्यांतल्या कित्येकांवरची नावे मुद्दाम अदलाबदल केली होती. मोजून पाहिले तेव्हा फितीतल्या वाक्यांचा गुण दिसला नाही. मात्र वरच्या चिठ्ठीवर जे लिहिले होते तेच आपल्यात सुधारले, असे पुष्कळांना वाटले. म्हणजे काम चिठ्ठीने केले.

आपण म्हणाल, परिणामच होत नसेल तर बिघडले काय? बिघडते ते असे. झोप न येणारा माणूस डॉक्टरकडे जायचा, तो उशाशी आवाज लावून महिने काढतो. मुलाला जवळ घेऊन हरिपाठ म्हणणारी आई ते काम यंत्राकडे सोपवते. आणि आपल्या लेकराच्या कानाशी रात्रभर कोण काय बोलत आहे, हे तिला स्वतःलाच माहीत नसते.

आपल्या परंपरेत बोलणारा लपत नाही. अभंगाच्या शेवटी मुद्रिका असते: नामा म्हणे, जनी म्हणे, तुका म्हणे, एका जनार्दनी. शब्दामागे माणूस उभा असतो. कीर्तनकारही शेकडो लोकांसमोर उभा राहून बोलतो. प्रमाण चुकले तर मागचा टाळकरीसुद्धा त्याला नंतर बाजूला घेऊन विचारतो. या पुटपुटण्याला मुद्रिका नाही. त्याला जाब कोणी विचारायचा?

दुसरे असे की, संतवाङ्मयात भर घालण्याचा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी निकालात निघाला आहे. नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत स्वतःची ओवी मिसळणाऱ्याला नरोटीचा दृष्टान्त देऊन सावध केले. निदान ती मिसळलेली ओवी वाचता तरी येत होती, म्हणून शोधून काढता आली. हरिपाठाखाली दडवलेले ‘माझ्याकडे पैसा येत आहे’ हे वाक्य कोणत्या नाथांनी शोधावे?

येथे कोणी अजामिळाचे नाव घेईल. त्याने तर नकळत नाम घेतले, तरीही तो तरला. मग झोपेत नकळत कानावर पडले तर काय वाईट? सज्जनहो, अजामिळाचा भाव मुलाकडे होता, हे खरे. पण हाक त्याच्या स्वतःच्या मुखातून निघाली होती, आणि ती ऐकू जाईल अशी होती. नाम कानावर पडण्यात वाईट काहीच नाही. नामाचे पांघरूण करून त्याखाली दुसरेच काही निजवणे वाईट.

तेव्हा मनाला धीर देणारी वाक्ये स्वतःसाठी कोणाला मुद्रित करायची असतील तर खुशाल करावीत, पण ती ऐकू येऊ द्यावीत आणि संतांच्या शब्दांत मिसळू नयेत. दुसऱ्याला द्यायची असतील तर आपले नाव आणि प्रत्येक वाक्य लिहून द्यावे. ज्यातले शब्द आपल्याला कळत नाहीत, ते पुढे पाठवू नये. आणि दिवेलागणीला मुलाला शेजारी बसवून, हाती टाळ देऊन, हरिपाठ मोठ्याने म्हणावा. तो अडखळेल, एखादे चरण गाळील. तेथे आपण थांबून सांगावे. एकाग्रता तेथेच शिकली जाते.

रामकृष्णहरि.