अल्पव्ययी विनोदी चित्रपटाचे आकर्षण : एक भाषिक विचार

थोड्या भांडवलावर तयार झालेल्या विनोदी चित्रपटांसंबंधी मराठी समीक्षेने आजवर जे लिहिले, त्यात निर्णय पुष्कळ असून विवेचन थोडे आहे. कथानक पोकळ, अभिनय भडक, विनोद ग्राम्य असे तीन आक्षेप नोंदविले की समीक्षकाचे काम संपते. आणि ज्या प्रेक्षकाने तो चित्रपट तीन-तीन वेळा पाहिला त्याच्या अभिरुचीविषयी खेद व्यक्त करून लेखाचा समारोप होतो. हे तिन्ही आक्षेप बहुतांशी खरे आहेत. परंतु ते खरे मानले तर मूळ प्रश्न अधिकच बिकट होतो. ज्या कृतीत कथानक नाही, देखावा नाही, नावीन्य नाही, तिच्याकडे प्रेक्षक पुनःपुन्हा का वळतो? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार भाषेच्या अंगाने करावयाचा आहे.

तुलनेसाठी प्रथम एका परक्या चित्रप्रकाराकडे पाहणे उपयुक्त ठरेल. हिमाच्छादित उतारावरून पायांस लांब पट्ट्या बांधून घसरण्याचा जो स्की नावाचा खेळ आहे, त्याच्या विश्रामस्थळांवर घडणाऱ्या हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटांची एक परंपरा अमेरिकेत आहे. ‘स्की पार्टी’ (१९६५), ‘हॉट डॉग… द मूव्ही’ (१९८४), ‘स्की स्कूल’ (१९९०), ‘आउट कोल्ड’ (२००१) ही त्यांतील काही नावे. त्यांची घडण जवळजवळ ठरलेली असते. एक डोंगर, एक हॉटेल, सुट्टीचे दिवस, एक उर्मट प्रतिस्पर्धी किंवा डोंगर विकत घेऊ पाहणारा एखादा धनिक, आणि त्यांच्याविरुद्ध उभी राहिलेली उनाड पण दिलदार तरुणांची टोळी. ‘हॉट डॉग’मधील प्रतिस्पर्धी ऑस्ट्रियन आहे आणि त्याचे परके उच्चार हेही हास्याचे एक निमित्त आहे, ‘आउट कोल्ड’मध्ये अलास्कातील एका डोंगरावर बाहेरच्या धनिकाची दृष्टी पडते. शेवट काय होणार हे प्रेक्षकास आरंभीच ठाऊक असते, आणि ते ठाऊक असणे हाच त्याच्या सुखाचा एक भाग असतो. मात्र या चित्रपटांची खरी मिळकत निराळीच आहे. बर्फाचा शुभ्र विस्तार आणि उतारावरून झेपावणारी शरीरे हा देखावा निसर्ग व खेळाडू यांच्याकडून निर्मात्यास जवळजवळ फुकट मिळतो. नेपथ्यावर जो पैसा खर्च करता आला नाही, त्याची भरपाई डोंगर करतो. अल्पव्ययी कलेचा हा एक साधा नियम म्हणता येईल : जे विकत घ्यावे लागत नाही, ते तिने शोधून काढावे आणि त्याच्यावर सारा भार टाकावा.

या नियमाच्या प्रकाशात मराठी विनोदी चित्रपट तपासला असता प्रथम दिसते ते हे की, कथानक हे त्याचे खास धन नाही. ‘स्की पार्टी’त दोन तरुण स्त्रीवेष धारण करून मुलींच्या गोटात शिरतात, ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या सचिन पिळगावकर दिग्दर्शित चित्रपटात दोन तरुण भाड्याच्या घरासाठी स्त्रीवेष घेतात. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध नाही. मराठी चित्रपटाचा आधार ‘बीवी और मकान’ (१९६६) हा हृषीकेश मुखर्जी यांचा हिंदी चित्रपट होय. पण एकच युक्ती अमेरिकेतील बर्फात आणि पुण्यातील वाड्यात सारखीच चालते, यावरून कथानके किती सहज प्रवास करतात हे ध्यानात येते. पुढे ‘कायद्याचं बोला’ (२००५) या चित्रपटाने ‘माय कझिन व्हिनी’ (१९९२) या अमेरिकन चित्रपटाचा सांगाडा उचलला, आणि तरीही प्रेक्षकास तो परका वाटला नाही. कारण मकरंद अनासपुरे यांच्या तोंडची मराठवाडी धाटणीची बोली त्या सांगाड्यात बसली होती. कथानक उसने, बोली मात्र घरची, हा विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. डोंगर त्यांच्यासाठी जे करतो, ते येथे बोली करते. मराठी अल्पव्ययी चित्रपटाचे फुकटचे नेपथ्य म्हणजे त्याची भाषा होय.

या विधानाची सर्वांत पूर्ण प्रचीती दादा कोंडके (१९३२–१९९८) यांच्या चित्रपटांत येते. मुंबईतील नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत जन्मलेल्या या नटाची जडणघडण लोकनाट्यात झाली. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मधील हवालदाराने त्यांना नाव मिळवून दिले, ‘तांबडी माती’ (१९६९) या भालजी पेंढारकरांच्या चित्रपटातून ते पडद्यावर आले, आणि ‘सोंगाड्या’ (१९७१) या, पुन्हा सबनिसांनीच लिहिलेल्या, चित्रपटाने त्यांचे स्थान निश्चित केले. ‘एकटा जीव सदाशिव’ (१९७२), ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘राम राम गंगाराम’ (१९७७) असे चित्रपट त्यापाठोपाठ आले, आणि त्यांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केल्याची नोंद गिनेसच्या पुस्तकात झाली. या चित्रपटांत डोळ्यांना गुंतवून ठेवील असे फारसे काही नाही. कॅमेरा बहुधा स्थिर, पात्रे समोरासमोर उभी, आणि एक वाक्य टाकून झाले की हशा ओसरावा एवढी उसंत. ही रचना दृश्याची नाही. ती तमाशातील बतावणीची आहे.

येथे बोलीचे स्थान कसे बदलले हे पाहणे अगत्याचे आहे. जुन्या नाटकांत बोली सामान्यतः गडी-मोलकरणींच्या तोंडी असे. नायक प्रमाण मराठी बोलत असे आणि बोली बोलणारा हा हसण्याचा विषय असे. ‘सोंगाड्या’त बोली बोलणारा नाम्या हाच नायक आहे. तमाशाच्या नादी लागला म्हणून त्याची आई त्याला घराबाहेर काढते. परंतु त्याच्या तोंडची ‘आये’ ही हाक ऐकताना प्रेक्षक त्या हाकेला हसत नाही, त्या हाकेसह हसतो. उलट शुद्ध आणि साजूक बोलणारे पात्र समोर आले की याच्या मनात काही काळेबेरे असणार, अशी शंका प्रेक्षकास येऊ लागते. प्रतिष्ठेचा काटा असा उलटा फिरतो. ‘ह्योच नवरा पाहिजे’ (१९८०) या शीर्षकात ‘हाच’ असे घातले तर व्याकरण जागेवर राहते, पण चित्रपट नाहीसा होतो. ‘पांडू’ हे विशेषनाम तर मुंबईच्या बोलीत पोलीस शिपायाचे सामान्यनाम होऊन बसले.

द्व्यर्थाचा प्रश्नही याच संदर्भात तपासला पाहिजे. कोंडके यांचा विनोद अश्लील, हा निर्वाळा सर्वपरिचित आहे. परंतु त्याची घडण काव्यशास्त्रास अपरिचित नाही. रुद्रटाने वक्रोक्तीचे श्लेषवक्रोक्ती व काकुवक्रोक्ती असे दोन प्रकार सांगितले. श्लेषवक्रोक्तीत एकाने एका अर्थाने उच्चारलेले वाक्य दुसरा बुद्ध्याच निराळ्या अर्थाने घेतो. कोंडके यांच्या चित्रपटांत हा ‘दुसरा’ बहुतेक वेळा पडद्यावर नसतो. तो प्रेक्षागृहात बसलेला असतो. बोलणारा भाबडेपणाने विहिरीविषयी, बैलाविषयी अथवा भाकरीविषयी बोलतो. दुसरा अर्थ जोडण्याचे काम श्रोता करतो, आणि जोडताना पकडला गेल्यामुळे हसतो. मम्मटाने अश्लीलत्व हा दोष मानला, तथापि काही प्रसंगी तो दोष राहत नाही हेही नमूद केले. दोष आहे की नाही हे शब्दावरून ठरत नाही, प्रसंगावरून ठरते, ही दृष्टी आधुनिक समीक्षकानेही सोडण्याचे कारण नाही.

हा श्रोता कोण, हे समजण्यासाठी एखादे निश्चित ठिकाण डोळ्यांसमोर असावे. सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यात, तारळी नदी कृष्णेस मिळते तेथे उंब्रज हे गाव आहे. पुणे–बंगळूर महामार्ग गावाला लागूनच जातो. जवळच पाल येथे पौष महिन्यात खंडोबा-म्हाळसेच्या विवाहाची यात्रा भरते आणि भंडाऱ्याने सारा परिसर पिवळा होतो. पश्चिम महाराष्ट्रातील अशा यात्रांतूनच तंबूतला चित्रपट खेड्यापर्यंत पोहोचला. या भागातील माणसाचा कान दुहेरी असतो. शाळेत, कचेरीत आणि एस.टी.च्या फलकावर तो ‘नाही’, ‘होता’, ‘एक’ वाचतो. घरी ‘न्हाई’, ‘व्हता’, ‘येक’ बोलतो. आणि वाटेत भेटलेल्यास ‘कुटं चाललायास?’ असे विचारतो. कोठे काय बोलावे हे त्याला कोणी शिकविलेले नसते, पण चुकले तर कोण हसेल हे त्याला नेमके ठाऊक असते. ही जाणीव तो दिवसभर वागवितो. तंबूत शिरल्यावर तिचे ओझे प्रथमच उतरते; कारण तेथे चुकणारा तो नसतो, चुकते ती पडद्यावरची प्रतिष्ठित मंडळी.

येथे भाषाभ्यासकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. नाम्याची बोली ही उंब्रजची बोली नव्हे, किंबहुना ती कोणत्याच एका गावची नव्हे. मुंबईत वाढलेल्या नटाने आणि शिष्ट मराठीवर प्रभुत्व असलेल्या लेखकाने ‘ह्यो’, ‘न्हाई’, ‘व्हय’ अशी ठळक चिन्हे निवडून ती रंगभूमीसाठी रचलेली आहे. तेव्हा या चित्रपटांतून बोलींचे नमुने गोळा करू पाहणाऱ्याची निराशा होईल. पण प्रेक्षक तेथे नमुना शोधावयास जात नाही. प्रमाण आणि बोली यांतील जे अंतर त्याला रोज जाणवते, ते अंतर मात्र पडद्यावर तंतोतंत खरे असते, आणि तेवढे त्याला पुरते.

या उपपत्तीची कसोटी स्वतः कोंडके यांनीच पुरविली. ‘तेरे मेरे बीच में’ (१९८४), ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) असे हिंदी चित्रपट त्यांनी काढले. नट तोच, युक्ती तीच, द्व्यर्थही तसाच. शीर्षकापासूनच तो सुरू होतो. परंतु मराठीत जी जागा त्यांना लाभली ती हिंदीत लाभली नाही. हिंदीच्या मोठ्या प्रदेशात नाम्याच्या बोलीला समोर धरण्याजोगे प्रमाण नव्हते. अंतर नाहीसे झाले आणि द्व्यर्थ तेवढा उरला. केवळ अश्लीलता हेच आकर्षण असते, तर ते भाषांतरात टिकावयास हरकत नव्हती.

तथापि या आकर्षणाची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. बोलीच्या आधारे खालच्यास वर आणणारा हा विनोद स्त्रीच्या बाबतीत मात्र क्वचितच उलटा फिरतो. उषा चव्हाण यांच्या नायिका तोंडाळ आहेत, प्रसंगी नायकाची फजितीही करतात. पण द्व्यर्थाचे लक्ष्य बहुधा त्यांचे शरीरच असते. तंबूत बसलेल्या शेतकऱ्याचे ओझे उतरते तेव्हा त्याच्या शेजारी बसलेल्या स्त्रीवर निराळे ओझे चढते. बोलीची प्रतिष्ठा वाढली म्हणून हा दोष क्षम्य ठरत नाही. तसेच हा दोष आहे म्हणून पहिले कार्य घडलेच नाही, असेही म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात, एकाच हशात घडतात. ग्राम्य या एका शब्दाने निकाल देणाऱ्या समीक्षेची अडचण हीच आहे : तो शब्द दोषाला लावला आहे की बोलीला, याचा उलगडा ती करीत नाही.

सारांश, अल्पव्ययी विनोदी चित्रपटाचे आकर्षण त्याच्या दारिद्र्यात नसून त्या दारिद्र्याने त्याला जेथे नेले तेथे आहे. अमेरिकन निर्मात्यास त्याने डोंगरावर नेले, मराठी निर्मात्यास शब्दाकडे. डोंगरावरचे बर्फ दर हिवाळ्यात पुन्हा पडते. प्रमाण आणि बोली यांतील अंतराचे तसे नाही. ते शाळेगणिक, पिढीगणिक बदलत असते. उंब्रजच्या शाळेत आज शिकणारे मूल ‘व्हता’ म्हणत नसेल, तर ज्या वाक्यावर त्याचा आजा पोट धरून हसला ते वाक्य त्याला केवळ चावट वाटेल, आणि समीक्षकाचा जुना निर्वाळा तेव्हा कदाचित खरा ठरेल. तसे होण्यापूर्वी त्या हशाची नोंद घेणे, कोणत्या शब्दावर तो उठला आणि कोणाच्या विरुद्ध उठला हे लिहून ठेवणे, हे मराठीच्या अभ्यासकाचे काम आहे.