फळ्यांची थरथर

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो की मिरजेचा उरूस, पाळण्यांच्या गर्दीत ‘मौत का कुआ’चं लाकडी पिंप उठून दिसतं. मुक्काम हलला की बोल्ट खोलायचे, फळ्या ट्रकवर चढवायच्या, पुढच्या गावी पुन्हा आवळायच्या. या खेळाची गोडी मला आतल्या भिंतीवर फिरणाऱ्या गाडीपेक्षा त्या फळ्यांत जास्त वाटते.

जिना चढून कठड्याशी उभं राहावं. तळाशी सायलेन्सर काढलेली मोटारसायकल गुरगुरत असते. स्वार खालच्या तिरक्या फळ्यांवर फेऱ्या मारत वेग घेतो आणि बघता बघता उभ्या भिंतीवर पोचतो. आता लक्ष तळपायांकडे द्यावं. गाडी समोरच्या अंगाला असते तेव्हा पायाखाली बारीक थरथर असते. गाडी आपल्या बाजूला आली की फळ्या खडखडत जातात, कठडा हलतो आणि हात आपोआप आवळले जातात. मारुती कारही भिंतीवर चढली की एक हादरा विरायच्या आत दुसरा येतो. तिकीट बघण्याचं काढलेलं असतं, पण स्वारी आपलीही होते.

भिंत मध्यापासून ५ मीटरवर आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर स्वार आपल्या वजनाच्या अडीचपट जोराने भिंतीवर दाबला जातो. त्या दाबामुळे टायर आणि लाकूड यांच्यात जे घर्षण होतं, तेवढाच त्याला आधार. अशा वेळी तो हँडल सोडून कठड्यावरच्या हातातली दहाची नोट टिपतो!

लाकडी रोलर कोस्टरचे शौकीनही लाकडाच्या याच हलण्यावर जीव टाकतात. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचा ‘सायक्लोन’ १९२७ सालचा. अशा कोस्टरचे रूळ म्हणजे फळ्यांचे थर आणि वर पोलादी पट्टी. रुळाखालूनही चाकं असल्याने उंचवट्यावर डबा सुटत नाही, माणूस मात्र बैठकीवरून उचलला जातो. नव्या कोस्टरमध्ये हाडं खिळखिळी करणारे धक्के कमी केलेत, सांगाड्याचं डोलणं राखलंय. ते योग्यच केलं. पण तिथे माणसाला अडकवून ठेवणारा दांडा असतो. कुव्यातल्या स्वाराला तसलं काही नसतं, आणि म्हणून त्याच्या कसबापुढे माझी मान जास्त झुकते.

सगळ्यात सुंदर असतं ते त्याचं उतरणं. वेग थोडा थोडा सोडत तो खाली येतो, दोन हादऱ्यांमधलं अंतर वाढत जातं, खडखडाटातून एकेक सांधा वेगळा ऐकू येऊ लागतो. वेग एकदम सोडला तर गाडी घसरेल, म्हणून चढण्याइतकंच हेही कसबाचं काम. बहुतेक लोक तेवढ्यात जिन्याकडे वळतात. त्यांनी थोडं थांबावं.