माईंच्या टेप आणि माझ्या तीन विहिरी

पेटचा अभ्यास दोन तास बाजूला ठेवून ‘द डिसायपल’ बघा. चैतन्य ताम्हाणेंचा हा मराठी सिनेमा २०२० साली व्हेनिसमध्ये पटकथेचं बक्षीस घेऊन आला. संथ आहे, हे आधीच सांगतो. हॉस्टेलवर माझा रूममेट पहिल्या मैफलीतच झोपला.

शरद नेरूळकर शास्त्रीय गायक व्हायला धडपडतोय आणि माई त्याचं दैवत. माईंनी गाणं कधी रेकॉर्ड होऊ दिलं नाही, उरल्या फक्त व्याख्यानांच्या टेप. रात्री मोकळ्या रस्त्यावर बाइक चालवत शरद त्या ऐकतो. आवाज सुमित्रा भावेंचा, इतका शांत की आपणही मान डोलावतो. इथंच सिनेमा आपल्याला पकडतो.

मग त्याला दुर्मिळ रेकॉर्डांचा एक संग्राहक भेटतो. तो माईंबद्दल भलतंच सांगायला लागतो. शरद ग्लास उचलून त्याच्या तोंडावर फेकतो. तो माणूस खरं बोलतोय की गावगप्पा, ते सिनेमा सांगत नाही. काहींना ही त्रुटी वाटेल. मला हीच त्याची ताकद वाटते. कारण शरद एकही प्रश्न विचारत नाही. तुम्ही त्यांना कधी भेटलात? सोबत कोण होतं? हे स्वतः पाहिलंत की ऐकलंत? संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर, त्यानं पुरावा तपासलाच नाही, साक्षीदारालाच हाकलला.

याच्या उलट ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ घ्या. हरवलेल्या गायकाच्या शोधाची ही उबदार डॉक्युमेंटरी. दक्षिण आफ्रिकेत रॉड्रिगेझची गाणी घरोघरी, आणि तो मेला अशी अफवा. प्रत्यक्षात माणूस डेट्रॉइटमध्ये मजुरी करत जिवंत! मी रडलो होतो. २०१३ साली तिला ऑस्कर मिळालं. पण रॉड्रिगेझ ऑस्ट्रेलियात चांगलाच लोकप्रिय होता, १९७९ आणि १९८१ साली त्यानं तिथं दौरे केले होते. हे सिनेमात नाही. घातलं असतं तर ‘जगानं विसरलेला गायक’ ही गोष्ट ढिली पडली असती. खोटं काही सांगितलेलं नाही, फक्त वगळलंय.

हे मला टोचलं, कारण मीही तेच केलं होतं. लातूरकडच्या विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजतोय. खोली वाढली की प्रमाण घटतं, असा सुरेख आलेख आला होता. तीन खोल विहिरी मात्र ऐकेनात. पोस्टरच्या आदल्या रात्री ‘मशीनची चूक असेल’ म्हणत त्या काढून टाकल्या. मशीन तपासलं नव्हतं. पोस्टरचं कौतुक झालं, तिसरा नंबर आला.

गेल्या महिन्यात नांदेडहून पहाटेच्या एसटीनं जाऊन तिन्ही विहिरींचं पाणी पुन्हा आणलं. आकडे जवळपास तेच. सरांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “चौथं प्रकरण परत लिहा.” तेच चालू आहे.