ताम्रपटांच्या याद्या आणि त्यांवरून होणारे नकाशे

वाकाटकांच्या ताम्रपटांचा एक नकाशा नुकताच आमच्याकडे अभिप्रायार्थ आला. कर्त्यांनीं आपलें नांव प्रसिद्ध करूं नये असें लिहिलें असल्यानें तें येथें देत नाहीं. नकाशा करण्याची रीत सोपी आहे. एका ओळीस एक ताम्रपट असें कोष्टक करावें, प्रत्येक ओळींत स्थळाचे अक्षांश व रेखांश भरावे आणि तें संगणकास द्यावें. जितक्या ओळी तितके ठिपके नकाशावर उमटतात. या रीतीचें आम्ही स्वागतच करतों. रायबहादुर हिरालाल यांची मध्यप्रांत-वऱ्हाडांतील कोरीव लेखांची वर्णनात्मक यादी १९१६ सालीं निघाली व १९३२ सालीं तिची दुसरी आवृत्ति झाली. ती जिल्हावार आहे. अनेक जिल्ह्यांवर राज्य केलेला राजवंश अशा यादींत तुकड्यातुकड्यांनीं विखुरतो. नकाशावर तो एकत्र दिसूं लागतो. हा लाभ लहान नव्हे. परंतु नकाशा उघडतांच आमचें लक्ष गेलें तें रामटेकाकडे, आणि रामटेक आपल्या जागीं नव्हतें!

रामटेकाचा ठिपका कामठीच्या उत्तरेस, कोसाच्याहि आंत पडला होता. कारण शोधावयास फार वेळ लागला नाहीं. रामटेकाचे अक्षांश २१ अंश २४ कला व रेखांश ७९ अंश २० कला. कोष्टकांत ते २१.२४ आणि ७९.२० असे उतरले. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. २४ कलांचे दशांशांत ०.४० अंश होतात व २० कलांचे ०.३३. एवढ्या एका टिंबानें रामटेक सुमारें २२ किलोमीटर नैर्ऋत्येस सरकलें. अक्षांश-रेखांशांचे रकाने उलटे झाले असते, तर नागपूर उत्तर ध्रुवसमुद्रांतील स्वालबार्ड बेटांपाशीं गेलें असतें व ती चूक शाळेंतल्या पोरानेंहि दाखविली असती. कामठीजवळचें रामटेक मात्र परक्या वाचकास मुळींच खटकत नाहीं. संग्राहकांनीं एक खूण ध्यानांत ठेवावी. कला ५९ च्या वर जात नाहींत. म्हणून लांबलचक कोष्टकांतील एकाहि आंकड्याचा दशांश ०.५९ च्या पुढें गेलेला नसेल, तर तें कोष्टक कलांचें आहे असा संशय घ्यावा.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. जुन्या इंग्रजी मोजणीचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवरून घेतलेले असत, आणि त्या वेधशाळेचें स्थानच प्रत्यक्षाहून पूर्वेस धरलेलें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं ही चूक दुरुस्त झाली. तत्पूर्वींच्या कांहीं नकाशांतील रेखांशांतून सुमारें अडीच कला वजा कराव्या लागतात. नागपूरच्या अक्षांशावर रेखांशाची एक कला म्हणजे सुमारें १.७ किलोमीटर, तेव्हां अंतर चार किलोमीटरांहून अधिक पडतें. कर्त्यांनीं कांहीं स्थळें जुन्या पत्रकांवरून व कांहीं हल्लींच्या नकाशावरून घेतलीं असल्यानें शेजारच्या दोन गांवांचें परस्परांपासूनचें अंतरच खोटें झालें आहे. शिवाय एव्हरेस्ट यानें १८३० सालीं ठरविलेलें पृथ्वीच्या आकाराचें मान आणि हल्लींचें डब्ल्यूजीएस ८४ हें मान यांत नागपूरकडे शे-दोनशे मीटरांचा फरक येतो. गांव दाखवितांना तो सोडून दिला तरी चालेल. रामटेकाच्या टेकडीवरील देवळें दाखवितांना चालणार नाहीं.

हा एव्हरेस्ट लॅम्टनच्या मागून त्या कामावर आला. लॅम्टन १८२३ सालीं नागपुराकडे येत असतां हिंगणघाट येथें वारला. हिंगणघाटाचें नांव आलेंच आहे, तर आमचा मुख्य आक्षेप त्याच गांवावरून सांगतों.

कर्त्यांच्या कोष्टकांत ‘स्थळ’ असा एकच रकाना आहे. प्रभावतीगुप्तेचा पुणें ताम्रपट घ्या. तो दिला गेला नंदिवर्धनाहून, म्हणजे बहुतेकांच्या मतें रामटेकाजवळील नगरधनाहून. दान दिलेलें दंगुण हें गांव म्हणजे हिंगणघाट, असें म. म. मिराशी यांनीं ठरविलें. पट उजेडांत आला तो पुण्यास, एका तांबटाच्या घरीं. या तिहींपैकीं ‘स्थळ’ कोणतें? कर्त्यांनीं पुणें भरलें, आणि नकाशावर वाकाटकांची राजसत्ता पुण्यापर्यंत पसरली! ऋद्धपूर ताम्रपटाचें तसेंच. तो मिळाला अमरावती जिल्ह्यांत, पण दिला गेला रामगिरिस्वामीच्या पादमूलापासून, म्हणजे रामटेकाहून. पोथ्यांचे संग्राहक हें अधिक चांगलें जाणतात. महानुभावांच्या पोथ्या पंजाबापर्यंत पोंचल्या, म्हणून त्या तेथें रचल्या गेल्या असें कोणी म्हणत नाहीं.

लेखांतील एखादें अक्षर पुसट असेल तर आपण तें कंसांत घालतों. नकाशाच्या ठिपक्यास असा कंस नाहीं. नगरधनाचें स्थान प्रत्यक्ष पाहून घेतां येतें; दंगुणाचें स्थान मिराशींच्या अनुमानावर उभें आहे; आणि ‘अमक्या गांवापासून ईशान्येस इतके कोस’ एवढीच नोंद असेल, तर तिच्यांतून एक बिंदु निघतच नाहीं, फार तर एक वर्तुळखंड निघतो. तिघांसहि सारखाच काळा ठिपका देणें आम्हांस मान्य नाहीं. सांपडलेलें स्थळ, दिल्याचें स्थळ व दानाचें गांव यांचे तीन रकाने असावे. प्रत्येकापुढें मूळ ग्रंथाचे शब्द जसेच्या तसे द्यावे, आंकडा कोणत्या मानाचा तें लिहावें, आणि स्थाननिश्चय कोणाचा तेंहि सांगावें. अनुमानित स्थळास पोकळ वर्तुळ पुरे. नकाशाबरोबर कोष्टकहि छापलें पाहिजे, एरवीं पडताळा पाहणाऱ्यास मार्गच उरत नाहीं. प्रस्तुत कर्त्यांनीं तें आमच्याकडे धाडलें, म्हणूनच रामटेकाची चूक सांपडली. याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहों.

कोष्टक दुरुस्तीच्या खुणा करून आम्हीं परत पाठविलें आहे. पुण्याचा ठिपका पुसूं नये, त्यास निराळा रंग द्यावा, असेंहि कळविलें आहे. नवा नकाशा आल्यास तो कोष्टकासह पुढील अंकीं छापूं.