पडद्यावरचा आकडा आणि नोंदवहीतले बाळ

बारावीनंतर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर आजकाल बहुतेक घरांत ठरलेले असते: संगणक, डेटा सायन्स, कृत्रिम बुद्धिमत्ता. या वाटेने जाण्याला आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो या शिक्षणाच्या जाहिरातींत दडलेल्या एका गृहीतकाला. आकडे जणू तयारच असतात. संगणकात भरले की सत्य बाहेर पडते, असे ते गृहीतक. सार्वजनिक आरोग्याच्या बाबतीत ते खरे नाही. इगतपुरीसारख्या तालुक्याचे उदाहरण घेऊन हे तपासून पाहू.

जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'आकांक्षित जिल्हा' कार्यक्रम सुरू केला. देशातील ११२ जिल्हे त्यात आले. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे चार. आरोग्य, शिक्षण आदी ४९ निर्देशकांवर जिल्ह्याने किती प्रगती केली ते संगणकाच्या पडद्यावर दाखवायचे आणि दरमहा क्रमवारी लावायची, अशी ही पद्धत. मागास भागांकडे लक्ष वेधण्याचा हेतू चांगला आहे आणि आकड्यांची त्रयस्थ पडताळणीही ठेवलेली आहे. नाशिक जिल्हा या यादीत नाही. परंतु हिरवा रंग म्हणजे चांगले आणि लाल म्हणजे वाईट, असे वाचण्याची सवय यादीपुरती राहत नाही. आमची टीका या सवयीवर आहे.

बालमृत्युदर म्हणजे एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे, वर्ष पूर्ण होण्याआधी दगावलेल्या बालकांची संख्या. महाराष्ट्राचा हा दर किती? नमुना नोंदणी योजनेनुसार २०२० साली १६. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार २३.२. यातला खरा कोणता, असे विद्यार्थी विचारतील. दोन्ही प्रामाणिक आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिला एकाच वर्षाचा आहे. दुसरा २०१९ मध्ये स्त्रियांना त्यांच्या बाळंतपणांविषयी विचारून काढलेला, त्याआधीच्या पाच वर्षांचा मिळून आहे. नमुना नोंदणीचाच २०१५ चा आकडा २१ होता, हे पाहिले की अंतर बरेच कमी होते. उरलेले अंतर नमुन्यातील चढउतार आणि पद्धतींतील फरक यांमुळे पडू शकते. आकड्याशेजारी वर्ष आणि पद्धत लिहिलेली नसेल तर तो आकडा अर्धाच आहे असे समजावे.

हे झाले राज्याचे. तालुक्यात उतरलो की अडचण वाढते. या पाहण्यांचा नमुना इतका मोठा नसतो की एकट्या इगतपुरीचा बालमृत्युदर त्यातून निघावा. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदींवरच भिस्त ठेवावी लागते. आदिवासी व डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असावे असा निकष आहे. समजा, अशा केंद्राच्या हद्दीत वर्षाला ४०० जन्म होतात आणि बालमृत्युदर हजारी २० आहे. म्हणजे सरासरीने वर्षाला आठ मृत्यू. पण दरवर्षी नेमके आठ होणार नाहीत. संभाव्यतेचे गणित सांगते की परिस्थिती तसूभरही न बदलता साधारण दहा वर्षांतून एकदा चार किंवा त्याहून कमी मृत्यू होतील, आणि जवळजवळ तितक्याच वेळा बारा किंवा त्याहून अधिक. म्हणजे दर कधी दहा, तर कधी तीस. पडद्यावर पहिले वर्ष हिरवे आणि दुसरे लाल दिसेल. पहिल्या वर्षी सत्कार आणि दुसऱ्या वर्षी कारणे दाखवा नोटीस, दोन्ही केवळ योगायोगाला.

दुसरी अडचण जागेची. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्यानुसार घटना जेथे घडते तेथे तिची नोंद होते. इगतपुरीच्या पाड्यावरचे अत्यवस्थ बाळ नाशिकच्या रुग्णालयात नेले आणि तेथे दगावले, तर मृत्यूची नोंद नाशिक शहरात होते. पहिले बाळंतपण माहेरी, आणि माहेर घाट उतरून शहापूर तालुक्यात असेल, तर जन्म ठाणे जिल्ह्यात नोंदला जातो. भाताची कापणी संपल्यावर जी कुटुंबे वीटभट्टीच्या कामाला भिवंडीकडे जातात, त्यांची बाळे तिकडेच जन्मतात आणि कधी तिकडेच दगावतात. बालमृत्युदर हा अपूर्णांक आहे. त्याचा अंश एका तालुक्यात आणि छेद दुसऱ्या तालुक्यात मोजला गेला, तर भागाकार कितीही अचूक केला तरी उत्तराला अर्थ राहत नाही. मूळ रहिवासाचे गाव नोंदवून हे दुरुस्त करता येते. पण त्यासाठी ती नोंद कोणीतरी काळजीपूर्वक करावी लागते, आणि पुढे कोणीतरी तिचा उपयोग करावा लागतो.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. जन्माचा दाखला शाळाप्रवेशासाठी लागतो, हे शिक्षकांइतके कोणाला ठाऊक असणार! पण घरी जन्मून चौथ्या दिवशी गेलेल्या बाळाचा दाखला कोणालाच लागत नाही. अशा बाळाचा ना जन्म नोंदला जातो, ना मृत्यू. नोंदवहीच्या दृष्टीने ते आलेच नव्हते. डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने २००१ मध्ये महाराष्ट्रासमोर हेच ठेवले. स्वयंसेवी संस्थांनी घरोघर जाऊन मोजले, तेव्हा बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा खूपच अधिक निघाले. त्याआधी गडचिरोलीच्या ३९ गावांत 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले होते. तेथे नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. ही घट दाखवता आली, कारण आधी प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू मोजला होता.

आता क्रमवारीचा परिणाम पाहा. एखादी आरोग्यसेविका पावसाळ्यातही पाड्यापाड्यांवर जाते, सुटलेली प्रत्येक नोंद शोधून काढते. तिच्या उपकेंद्राचा बालमृत्युदर वाढलेला दिसेल. शेजारची जी घरी बसून वही भरते, तिचा कमी दिसेल. पडदा दुसरीला हिरवा रंग देईल. ज्या व्यवस्थेत नीट मोजणारा नापास होतो, तेथे लवकरच कोणी नीट मोजेनासे होते. मग जेथे बाळे खरोखर दगावत आहेत तेथे ना औषध पोचते, ना वाहन.

अधिक शक्तिमान संगणक ही उणीव भरून काढील काय? गूगलने २००८ मध्ये लोक इंटरनेटवर काय शोधतात त्यावरून फ्लूच्या साथीचा अंदाज बांधणारी योजना सुरू केली. २०१२-१३ च्या हंगामात तिचा अंदाज अमेरिकी आरोग्य यंत्रणेच्या आकड्याच्या दुपटीवर गेला, आणि २०१५ मध्ये ती बंद झाली. लोक फ्लूविषयी शोध घेतात म्हणजे त्यांना फ्लू झालाच आहे, असे नव्हे. विदेचा डोंगर मोठा होता, पण तो भलत्याच गोष्टीचा होता. अर्थात संगणक निरुपयोगी नाही. इगतपुरीचा जन्म, शहापूरचे माहेर आणि नाशिकचा मृत्यू या तीन नोंदी जुळवणे हे वहीला न जमणारे काम तो करू शकतो. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्म-मृत्यूंची राष्ट्रीय विदा एकत्र ठेवण्याची तरतूदही कायद्यात आहे. पण जी नोंद झालीच नाही, ती कोणताही संगणक जुळवू शकत नाही.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. पिशवीत २४५० पांढरे आणि ५० हिरवे वाटाणे मिसळावेत. प्रत्येक गटाने न पाहता ४०० वाटाणे काढून हिरवे मोजावेत, फळ्यावर आकडा लिहावा आणि वाटाणे परत टाकून पिशवी हलवावी. दहा गटांचे दहा आकडे पाहिले की कोणत्या गटाचा सत्कार करायचा, असे विचारावे. मग एका गटाला गुपचूप सांगावे की सापडलेल्या हिरव्यांपैकी अर्धेच फळ्यावर लिहा. कोणता गट तो, हे केवळ आकड्यांवरून इतरांना ओळखता येते का, ते पाहावे.

ज्यांना या क्षेत्रात जायचे आहे त्यांनी संगणकाची भाषा अवश्य शिकावी. जोडीला संख्याशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्रही शिकावे. कुटुंब आरोग्य पाहणीची धुरा वाहणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था मुंबईतच, देवनारला आहे. आणि शिक्षकांसाठी एवढेच: नमुना नोंदणी योजनेत गावातील जन्म-मृत्यू टिपणाऱ्या अर्धवेळ गणकांमध्ये अंगणवाडी सेविकांबरोबर शिक्षकही असतात. देशाचा बालमृत्युदर त्यांच्या वहीपासून सुरू होतो. त्या वहीत एक बाळ सुटले, तर पुढचा कोणताही पडदा ते दाखवू शकणार नाही.